टाइल्सच्या सांध्यांतून लोणा, त्याच ओळी पुन्हा सुटतात: कारण शोधण्याची आणि दुरुस्तीची पद्धत

तक्रार जवळपास नेहमी एकाच क्रमाने वाढते. बाथरूमच्या डॅडोच्या, म्हणजे भिंतीवर लावलेल्या टाइल्सच्या पट्ट्याच्या, खालच्या दोन-तीन ओळींत सांध्यांतून पांढरी भुकटी डोकावते. हाच लोणा, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेला क्षार. पुसली की जाते, काही दिवसांनी परत येते. मग ग्राउट, म्हणजे सांध्यांत भरलेला मसाला, नखाने खरवडलं तरी निघू लागतं, टाइलच्या चकाकीत केसासारख्या रेघा उमटतात, कडांचे टवके उडतात आणि शेवटी ठोकल्यावर बद्द आवाज येतो. मिस्त्री सुटलेल्या टाइल्स काढतो, पाठीवर सिमेंटची पेस्ट थापून नव्या बसवतो, सांध्यांत इपॉक्सी (पाणी अजिबात न जाऊ देणारं रेझिनचं ग्राउट) भरतो. दोन-तीन पावसाळे सरले की तीच ओळ पुन्हा सुटते, किंवा तिच्या वरची. मुंबई-ठाण्यापासून रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्यापर्यंत, समुद्र जवळ आणि चार महिने पाऊस असलेल्या सगळ्या पट्ट्यात हे दिसतं.

लोणा धुऊन, रंगवून किंवा सील करून थांबत नाही. पाणी भिंतीत कुठून शिरतं आणि कुठून उडून जातं, या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाल्याशिवाय एकही टाइल बसवू नका. नुकसान पाणी बाहेर पडण्याच्या जागी दिसतं, त्याचं कारण मात्र शिरण्याच्या जागी असतं. बहुतेक दुरुस्त्या फक्त पहिल्या जागेवर होतात, म्हणून त्या फसतात.

भिंतीत काय चालतं

भिंतीच्या ग्लेझ्ड टाइलचा चकाकता थर पाणी जाऊ देत नाही, पण तिचं अंग सच्छिद्र असतं. अशा टाइल्स ‘बी-तीन’ गटात मोडतात, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त पाणी शोषणाऱ्या. व्हिट्रिफाइड टाइल ०.५ टक्के किंवा त्याहूनही कमी शोषते. भिंतीत ओल असली की ग्लेझ्ड टाइल ती पाठीतून ओढून घेते. समोर उडून जायला तिला दोनच वाटा उरतात, सांधे आणि ग्लेझच्या चिरा. तिथे पाणी उडतं आणि त्यात विरघळलेले क्षार मागे राहतात.

हे क्षार बहुधा बांधकामातच असतात. कमी भाजलेल्या विटांत सल्फेट असतं. खाडीची रेती न धुता वापरली असेल तर मीठ असतं. बोअरच्या किंवा टँकरच्या मचूळ पाण्याने गिलावा कालवला असेल तर त्यातून भर पडते. जोत्याजवळच्या मातीतून, विशेषतः जुना गोठा किंवा शौचखड्डा असलेल्या जागी, नायट्रेट येतं. किनाऱ्यावर वारा समुद्राचे तुषार थेट भिंतीवर आणून टाकतो.

साधं मीठ हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. आर्द्रता त्याखाली उतरली की पुन्हा स्फटिक होतं. किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर हवा बहुतेक वेळ या रेषेच्या वर असते, त्यामुळे पावसाळ्यात भिंत नुसती ओलसर दिसते, पांढरं काही दिसत नाही. ऑक्टोबरच्या उन्हात दिवसा स्फटिक होतात, रात्री विरघळतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा होतात. छिद्रांच्या आत वाढणारा स्फटिक भिंतींवर दाब देतो आणि टाइलचं अंग किंवा गिलावा आतून भुसभुशीत करतो. म्हणून टवके पावसात नाही, दिवाळीच्या आसपास उडू लागतात.

सोडियम सल्फेट याहून वाईट. शुद्ध रूपात ते ३२.४ अंश सेल्सिअसच्या वर कोरडं राहतं. त्याखाली पाणी मिळालं की दहा रेणू पाणी धरून बसतं आणि त्याचं आकारमान जवळपास चौपट होतं. पश्चिमेच्या भिंतीचं तापमान ही रेषा दिवसातून एकदा वर आणि एकदा खाली ओलांडतं. सांध्याबाहेर आलेला लोणा दिसायला वाईट असला तरी कमी घातक असतो. ग्लेझच्या लगेच मागे साठलेला क्षार दिसत नाही आणि तोच ग्लेझ उडवतो.

याच्या जोडीला टाइल स्वतः फुगते. भाजलेली माती भट्टीतून बाहेर आल्यापासून हवेतली आणि भिंतीतली ओल हळूहळू रासायनिक रीतीने धरते. ही वाढ टाइल उन्हात वाळवून परत जात नाही. ती ०.०६ टक्क्यांपलीकडे, म्हणजे मीटरमागे ०.६ मिमीच्या पुढे गेली तर त्रासदायक मानतात. त्याच काळात सिमेंटचा गिलावा आणि काँक्रीट वाळून मीटरमागे ०.३ ते ०.६ मिमी आकसतात. तीन मीटर लांब ओळीत हा फरक ३ मिमीच्या आसपास जातो. टाइल्स एकमेकींना चिकटवून, सांधा न ठेवता लावल्या असतील तर हे तीन मिमी जायचे कुठे? ओळ मधून तंबूसारखी उचलते. ग्लेझ मात्र अंगाबरोबर वाढत नाही, तो ताणला जातो आणि त्यात केसासारख्या चिरा पडतात. त्या चिरांतून पुन्हा पाणी जातं.

आता इपॉक्सीचा प्रश्न. शॉवरचं पाणी समोरून आत जाऊ न देण्यासाठी इपॉक्सी ग्राउट उत्तम. पण पाणी मागून येत असेल तर तेच इपॉक्सी बाहेर पडायची शेवटची वाट बंद करतं. मग क्षार टाइलच्या अंगात साठतात आणि ओल भिंतीत आणखी वर चढते. तिच्या वरची ओळ पुढच्या वर्षी सुटते, त्याचं कारण हे.

आधी पांढरा थर ओळखा

कोरड्या ब्रशने चमचाभर भुकटी खरवडून डिमिनरल पाण्यात ढवळा (बॅटरीत टाकायचं पाणी चालेल, नळाचं नको).

पूर्ण विरघळली तर क्लोराइड, सल्फेट किंवा नायट्रेट. मत्स्यपात्रासाठी मिळणाऱ्या चाचणीपट्टीने नायट्रेट लगेच कळतं. नायट्रेट जास्त निघालं तर पाणी जमिनीतून किंवा सांडपाण्यातून येतंय, याचा तो बराच भरवशाचा पुरावा आहे. क्लोराइड आणि सल्फेटचं प्रमाण प्रयोगशाळेतून काढून घ्या. घरी बेरियमची रसायनं हाताळू नका, ती विषारी असतात.

विरघळली नाही, पण व्हिनेगर टाकल्यावर बुडबुडे आले, तर तो चुना आहे. टाइलमागच्या सिमेंटच्या जाड थरातून वाहतं पाणी जातं, चुना विरघळून सांध्यातून बाहेर येतो आणि हवेत घट्ट होतो. चार कोपऱ्यांना चार आणि मध्ये एक अशा गोळ्यांवर बसवलेल्या टाइल्समागे पोकळी राहते. तिथे पाणी साचतं आणि हा चुना ओघळांच्या रूपात वाहतो. इथे क्षारांचा पाठलाग करण्यात अर्थ नाही, पोकळी आणि गळती शोधायची.

पाणी कुठून येतं

सुटलेल्या भागाची कडा पेन्सिलने आखून तारीख लिहा. एकेक टाइल नाण्याने ठोकत बद्द आवाजाचा नकाशा काढा. नकाशाचा आकारच बरंच सांगतो. जमिनीपासून साधारण एक ते दीड मीटरपर्यंत सलग पट्टा असेल तर ओल जमिनीतून चढतेय (टाइल लावल्यामुळे ती याहूनही वर जाते). एखाद्या नळाभोवती गोल असेल तर पाइप. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यांतून तिरका उतरत असेल तर पाऊस. वरून खाली पसरत असेल तर गच्ची, पॅरापेट (गच्चीची कठडाभिंत) किंवा वरच्या मजल्याचं बाथरूम.

बाथरूममध्ये तीन चाचण्या वेगवेगळ्या दिवशी करा, एकत्र केल्या तर काहीच कळत नाही.

पहिली, दाबाच्या पाइपांची. सगळे नळ बंद करून लाइनला हातपंप आणि गेज जोडा. दाब भरा आणि अर्धा तास थांबा. काटा उतरला तर भिंतीतला सांधा गळतोय. गेज नसेल तर रात्री सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा टिपा, सकाळी परत पाहा.

दुसरी, सांडपाण्याची. फरशी कोरडी ठेवून नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे फरशीवरच्या सांडपाण्याच्या जाळीखालच्या तोंडात, थेट पाइपने, थेंबही बाहेर न सांडता, दहा-बारा बादल्या पाणी ओता. पाण्यात खाण्याचा लाल रंग मिसळा. खालच्या मजल्याच्या छताला किंवा डक्टमध्ये रंग दिसला तर ट्रॅपचा सांधा.

तिसरी, फरशीची. ट्रॅप बुचाने बंद करून २५ मिमी पाणी ४८ तास साठवा आणि पातळीची खूण करा. बाष्पीभवनाने एक-दोन मिमी उतरेल. त्याहून जास्त उतरलं तर पाणी फरशीखाली जातंय.

फरशीखाली काय असतं हे लक्षात घ्या. आपल्याकडच्या बहुतेक इमारतींत संडास-बाथरूमचा स्लॅब खाली असतो, त्याला सनक म्हणतात, आणि त्यात विटांच्या तुकड्यांचा कोबा भरलेला असतो. ट्रॅपच्या कडेने थोडं थोडं पाणी गेलं की हा कोबा ते वर्षानुवर्षं धरून ठेवतो. विटांतले क्षार त्यात विरघळतात आणि डॅडोच्या तळातून वर चढतात. गळती बंद केल्यानंतरही लोणा अनेक महिने येत राहतो, तो या साठलेल्या पाण्याचा. सनक फोडून मोकळा केल्याशिवाय किंवा त्याच्या तळाला पाणी काढायची नळी दिल्याशिवाय हे थांबत नाही. दुरुस्ती ‘फसली’ असं समजून लोक इथे दुसऱ्यांदा खर्च करतात.

भिंतीवरची ओल आतून येतेय की हवेतून बसतेय हे पाहायला ४५ सेंटिमीटर चौरस प्लॅस्टिक चारही कडांनी टेपने घट्ट चिकटवा आणि किमान १६ तास ठेवा. प्लॅस्टिकच्या मागे पाणी साचलं तर भिंत ओली आहे. पुढच्या बाजूला दव जमलं तर ते हवेतलं. शेजारी एसीची खोली असेल तर हे वारंवार दिसतं.

आणखी एक कारण हल्ली वाढलंय. आतल्या भिंतींना जिप्समचा गिलावा असतो, त्यावर प्रायमर न मारता सिमेंटच्या अॅडहेसिव्हने टाइल लावतात. ओल आली की जिप्समचं सल्फेट आणि सिमेंट यांच्यातून एट्रिंगाइट नावाचा फुगणारा पदार्थ तयार होतो आणि टाइल अख्खी सुटते. सुटलेल्या टाइलच्या पाठीवर अॅडहेसिव्ह पूर्ण चिकटलेलं आणि त्याला पांढऱ्या जिप्समची पातळ साल असेल तर हेच. बाथरूममध्ये जिप्सम नकोच.

काढणं, वाळवणं, क्षार ओढून घेणं

काम दिवाळीनंतर सुरू करा. पावसाळ्यात उघडलेली भिंत वाळत नाही.

टाइल्स फक्त बद्द आवाजाच्या भागापुरत्या काढू नका. दिसणाऱ्या क्षाररेषेच्या वर किमान ५०० मिमीपर्यंत टाइल आणि गिलावा दोन्ही वीट दिसेपर्यंत काढा. वीटकामाच्या दर्जा, म्हणजे विटांमधले सांधे, १५ ते २० मिमी खोल खरवडा. लोणा कोरड्या ताठ ब्रशने झाडा आणि व्हॅक्यूमने उचला, झाडलेली भुकटी खाली पडू देऊ नका. पाण्याने धुऊ नका, धुतलेला क्षार विरघळून परत भिंतीत जातो. आणि अॅसिड तर अजिबात नको. बाजारातलं स्वस्त अॅसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक. ते सिमेंट खातं आणि मागे कॅल्शियम क्लोराइड ठेवतं, जे हवेतलं पाणी ओढतच राहतं. चुन्याचे ओघळ काढायलाच हवेत तर भिंत आधी साध्या पाण्याने भिजवा, सल्फॅमिक अॅसिडचं ५ टक्क्यांचं द्रावण एका कोपऱ्यात वापरून पाहा, मग भरपूर धुवा. गळती बंद झाल्यावरच.

जमिनीतून चढणारी ओल असेल तर जोत्याच्या वरच्या, जमिनीपासून सुमारे १५० मिमी उंचीच्या आडव्या दर्जेत १२ मिमी व्यासाची भोकं १०० ते १२० मिमी अंतरावर पाडा. भोक इतकं खोल पाडा की समोरच्या बाजूला ४० मिमी भिंत उरेल. धूळ काढून त्यांत सिलेन-सिलॉक्सेनचं (पाणी परतवणाऱ्या रसायनाचं) क्रीम तळापासून भरत या. २३० मिमीच्या विटेच्या भिंतीला हे चांगलं लागू पडतं. जांभ्याच्या जाड भिंतीत पोकळ्या असतात. पातळ द्रव त्यांत वाहून जातो, तिथे क्रीमच वापरा आणि भोकं दोन्ही बाजूंनी पाडा. त्याआधी बाहेरची माती किंवा अंगणाची फरशी जोत्याच्या ओलरोधक थराच्या वर चढलेली नाही ना, ते बघा. अनेक ठिकाणी ती फूटभर खाली उतरवणं हाच निम्मा इलाज ठरतो.

वाळायला वेळ लागतो. जाडीच्या दर २५ मिमीला एक महिना, हा जुना अंदाज आजही धरावा. म्हणजे २३० मिमीची भिंत पूर्ण वाळायला नऊ महिने. घरात इतके दिवस बाथरूम बंद ठेवता येत नाही हे खरं. पण पाणी बाथरूमच्याच बाजूने येत होतं आणि ते थांबलं असेल, तर बाथरूमच्या अंगाला ओलरोधक लेप देऊन टाइल लावता येते, भिंतीला दुसऱ्या अंगाने वाळू द्यायचं. त्या दुसऱ्या अंगावर ऑइलपेंट, प्लॅस्टिक पेंट किंवा वॉलपेपर नको, चुन्याचा गिलावा आणि चुन्याची सफेदी हवी. पाणी बाहेरून किंवा जमिनीतून येत असेल तर आतल्या बाजूला लेप देणं म्हणजे क्षार लेपाच्या मागे जमवणं. लेप नेहमी पाण्याच्या बाजूला.

क्षार जास्त असतील तर लगदा लावा. कागदाचा लगदा, चायना क्ले आणि धुतलेली बारीक वाळू डिमिनरल पाण्यात मळा, भिंत हलकी भिजवा आणि १० ते १५ मिमी जाड थर थापा. तो पूर्ण वाळून स्वतः सुटू लागेपर्यंत, साधारण दोन-तीन आठवडे, राहू द्या. भिंतीतला क्षार पाण्याबरोबर त्यात येतो. काढलेल्या लगद्यातला १०० ग्रॅम भाग एक लिटर डिमिनरल पाण्यात ढवळून टीडीएस मीटरने (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या यंत्राने) मोजा. प्रत्येक फेरीचा आकडा लिहा. दोन फेऱ्यांमध्ये आकडा फारसा उतरला नाही की थांबा. भिंत मोठी असेल तर लगद्याऐवजी चुना आणि वाळू १:३ असा १२ मिमी गिलावा द्या, एक कोरडा हंगाम क्षार शोषू द्या आणि मग तो खरवडून फेका.

पुन्हा बसवताना

नव्या गिलाव्यासाठी सिमेंट १, वाळू ४. वाळू धुतलेली, पाणी नगरपालिकेच्या नळाचं. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकामध्ये बांधकामाच्या पाण्यात सल्फेटची मर्यादा लिटरमागे ४०० मिलिग्रॅम आहे. क्लोराइडची साध्या काँक्रीटला २००० आणि सळई असलेल्या काँक्रीटला ५००. बोअरचं पाणी वापरायचं असेल तर आधी तपासून घ्या. विटा नव्या घेताना एक वीट उभी २५ मिमी डिमिनरल पाण्यात ठेवून ते पाणी शोषून वाळू द्या आणि पुन्हा तसंच करा. थर पृष्ठभागाच्या १० टक्क्यांपर्यंत आला तर ती थोडी क्षारयुक्त, ५० टक्क्यांपर्यंत मध्यम. त्याहून जास्त, पोपडे धरणारी वीट टाइलमागे घालू नका.

ओलरोधक लेप पॉलिमर-सिमेंटचा, दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा. भिंत-फरशीच्या कोपऱ्यात आधी वाटा (मसाल्याची गोलसर भर) आणि त्यावर कापडी पट्टी. फरशीपासून किमान १५० मिमी, शॉवरच्या भागात १८०० मिमीपर्यंत. टाइल लावण्याआधी ४८ तासांची पाण्याची चाचणी पुन्हा करा, नंतर नाही.

व्हिट्रिफाइड टाइलमागे सिमेंटची पेस्ट धरत नाही, कारण ती पाणी शोषतच नाही. अॅडहेसिव्ह घेताना पाकिटावर आयएस १५४७७ चा (टाइल अॅडहेसिव्हच्या भारतीय मानकाचा) प्रकार वाचा. बाहेरच्या भिंतीला लवचीक, सी२टीई एस१ दर्जाचं घ्या. ३ मिमी थराला चौरस मीटरमागे साधारण ४ किलो लागतं. कालवून पाच मिनिटं ठेवा, पुन्हा ढवळा. १० मिमी खाचेच्या करणीने एकाच दिशेने ओढा आणि मोठ्या टाइलच्या पाठीलाही पातळ हात द्या. उन्हात वरचा थर साय धरतो, बोट लावून ओलं आलं नाही तर खरवडून नवं पसरा, पाणी शिंपडून जिवंत करू नका. अधूनमधून नुकतीच बसवलेली टाइल उचलून पाठ बघा: ओल्या आणि बाहेरच्या जागी ९५ टक्के पाठ भरलेली हवी.

सांधा आत ३ मिमी, बाहेर ५ ते ६. बाहेर दर ३ ते ३.५ मीटरला आडवा आणि उभा ८ ते १० मिमी हालचालीचा सांधा ठेवा, आणि तो गिलाव्यापर्यंत मोकळा हवा. त्यात फोमची दोरी आणि वर पीयू (पॉलियुरेथेन) किंवा न्यूट्रल सिलिकॉन, या भरावाची जाडी रुंदीच्या निम्मी पण ६ मिमीहून कमी नाही. व्हिनेगरचा वास येणारं सिलिकॉन सिमेंटवर धरत नाही. भिंत-फरशीचा कोपरा ग्राउटने भरायचा नाही, तिथेही सिलिकॉनच.

पोर्तुगीज काळातल्या जुन्या टाइल्स, म्हणजे पणजीच्या मेनेझेस ब्रागांझा संस्थेत आहेत तशा निळ्या-पांढऱ्या आझुलेझुंसारख्या, किंवा चुन्यात बसवलेली कुठलीही जुनी रंगीत टाइल असेल, तर वरचं काहीही वापरू नका. तिथे सिमेंट, इपॉक्सी आणि सीलर तिन्ही वर्ज्य. चुन्यात बसवलेलं चुन्यातच दुरुस्त करायचं, सांधे चुन्याचे ठेवायचे आणि क्षार काढायचं काम जतन-तज्ज्ञाकडे द्यायचं. उडालेला ग्लेझ परत येत नाही.

बाहेरची क्लॅडिंग

क्लॅडिंग म्हणजे इमारतीच्या बाहेरच्या भिंतीवर लावलेल्या टाइल्स किंवा दगड. इथे प्रश्न जिवाचा आहे. बद्द आवाजाची टाइल किंवा दगड डोक्याच्या वर असेल तर आधी खालचा रस्ता अडवा, जाळी बांधा, मग कारण शोधा. ती पडायची वाट पाहू नका आणि फटीत सिलिकॉन भरून वेळ काढू नका.

पाणी बहुधा वरून शिरतं. पॅरापेटच्या माथ्यावरची दगडी पट्टी, तिचे सांधे, आणि पट्टीच्या खालच्या बाजूला पाणी तोडणारी खाच आहे का, हे बघा. खाच नसली की पागोळ्या क्लॅडिंगच्या मागे उतरतात. छज्ज्याला आणि खिडकीच्या उंबऱ्यालाही तेच. जड दगड नुसत्या चिकटवणीवर ठेवू नका, यांत्रिक क्लॅम्प लावा, आणि किनाऱ्यापासून जवळ ते ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचेच हवेत. ३०४ वर समुद्री वाऱ्याने गंजाचे खड्डे पडतात, साधं लोखंड गंजून फुगतं आणि दगड फोडतं. मागे २५ ते ५० मिमी हवेची पोकळी, तळाला पाणी निघायची वाट आणि माथ्याला हवा जायची फट ठेवली तर शिरलेलं पाणी मागच्या मागे खाली उतरतं आणि क्षार दगडाच्या तोंडावर येत नाहीत. सीलर लावायचाच तर वाफ जाऊ देणारा सिलेन-सिलॉक्सेन, आणि तोही भिंत वाळल्यावर, फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये.